ओबामांची आजी तेव्हा जिवंत होती

बराक ओबामांच्या फिलाडेल्फियातल्या वंशविषयक भाषणाबद्दलचा एक फॉरवर्ड अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मावशीकडून नाशिकच्या काकांकडे आणि तिथून घरच्या ग्रुपवर येऊन पडलाय. त्यातला दावा थोडक्यात असा: मतांसाठी ओबामांनी स्वतःच्या मेलेल्या गोऱ्या आजीला वंशद्वेषी ठरवलं, अमेरिकेला शिव्याशाप देणाऱ्या आपल्या चर्चच्या पाद्र्याला पाठीशी घातलं, झाडून सगळ्या गोऱ्यांना दोषी धरलं, आणि तरीही गोरे मतदार त्या एका भाषणाला भुलले. खाली अंगठ्यांची रांग. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारातलं, १८ मार्च २००८चं ते भाषण सुमारे ३७ मिनिटांचं आहे आणि त्याचा पूर्ण मजकूर फुकट वाचायला मिळतो. अंगठे देणाऱ्यांपैकी कुणी तो उघडलाय असं वाटत नाही.

आधी आजी. मॅडलिन डनहॅम तेव्हा ८५ वर्षांच्या होत्या, होनोलुलूत राहत होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांची प्रकृती ढासळली तेव्हा ओबामा प्रचार थांबवून हवाईला जाऊन आले. २ नोव्हेंबरला, मतदानाच्या दोन दिवस आधी, त्या गेल्या. टपालानं पाठवलेलं त्यांचं मत त्याआधीच पोचलं होतं आणि ते ग्राह्य धरलं गेलं. तेव्हा ‘उत्तर द्यायला बिचारी उरलीच नव्हती’ हे फॉरवर्डमधलं हळहळीचं वाक्य धादांत खोटं आहे.

आता ते म्हणाले काय? फॉरवर्डनं वाक्याचं शेपूट तेवढं कापून घेतलंय. भाषणातला क्रम पाहा. पाद्र्याला मी नाकारू शकत नाही, जसं माझ्या गोऱ्या आजीला नाकारू शकत नाही. तिनं मला वाढवायला हातभार लावला, माझ्यासाठी पुन्हा पुन्हा खस्ता खाल्ल्या, तिचा माझ्यावर अतोनात जीव आहे. आणि याच बाईनं रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते असं एकदा कबूल केलं होतं, तिचे काही वांशिक शेरे ऐकून मला कसंनुसं झालं होतं. लगेच पुढे: ही माणसं माझा भाग आहेत, आणि या देशाचाही. म्हणजे सगळा भार आजीला न तोडण्यावर आहे. कामवालीचा कप ज्या घरांत आजही वेगळा ठेवतात, तिथल्या लोकांना तरी हे कळायला जड जाऊ नये.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. आजी घरात बोलली, पाद्री भरल्या चर्चमध्ये व्यासपीठावरून. दोघांना एका तागडीत घालणं न्याय्य नव्हतं. शिवाय दोन दिवसांनी एका रेडिओ मुलाखतीत ओबामा आजीला ‘टिपिकल गोरी व्यक्ती’ म्हणून गेले. ते वाईटच होतं. पण फॉरवर्डनं ते भाषणात घुसडलंय आणि भाषणात ते कुठेही नाही.

पाद्र्याचं अर्धं खरं आहे. हे पाद्री म्हणजे जेरेमाया राइट. त्यांच्या जुन्या प्रवचनांचे तुकडे एबीसी वाहिनीनं १३ मार्चला दाखवले. पाचच दिवसांनी, याच भाषणात, ओबामांनी त्या विधानांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि राइट यांची देशाकडे बघण्याची दृष्टी विपर्यस्त असल्याचं सांगितलं. तोडलं नाही ते माणसाला. मग २८ एप्रिलला राइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये पुन्हा तेच बोलले, दुसऱ्या दिवशी ओबामांनी त्यांच्याशी फारकत घेतली आणि ३१ मे रोजी ते चर्चही सोडलं. ‘नाकारू शकत नाही’ हे वाक्य जेमतेम सहा आठवडे टिकलं. टीका करायचीच तर इथे करा ना, जागा आहे.

‘सगळ्या गोऱ्यांना दोषी धरलं’? भाषणाचा एक मोठा तुकडा गोऱ्या कामगार-मध्यमवर्गाच्या रागावर आहे: काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून मुलांना बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पाठवायला लावणं, स्वतः न केलेल्या अन्यायापायी नोकरीत किंवा कॉलेजात एखाद्या काळ्याला झुकतं माप मिळताना पाहणं. अशा लोकांवर सरसकट वंशद्वेषाचा शिक्का मारल्यानं दरी रुंदावते, असं ओबामा स्वतःच म्हणतात. यापुढे त्यावर वेळ घालवत नाही.

राहिले भुललेले मतदार. फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनिया राज्यात येतं. तिथली प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) बंदिस्त असते, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच त्या पक्षाच्या उमेदवाराला मत देता येतं. त्या वर्षी नोंदणीची मुदत २४ मार्चला संपली, भाषणानंतर सहा दिवसांनी. भाषणानं कुणी पेटून उठलं असलं तरी अर्ज भरायला एवढाच अवधी होता. २२ एप्रिलला निकाल लागला: पक्षातल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन सुमारे ५५ टक्के, ओबामा ४५. ज्या राज्यात भाषण केलं तिथेच हरले. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्यांची ४३ टक्के मतं ओबामांना आणि ५५ टक्के रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांना. २००४ साली डेमोक्रॅट उमेदवार केरींना ४१ टक्के होती. ही दोन टक्क्यांची वाढ. त्यात मार्चमधल्या भाषणाचा वाटा किती आणि सप्टेंबरमध्ये कोसळलेल्या लेमन ब्रदर्स या बँकेचा किती, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं मांडून दाखवावं.