अंगठा वर की खाली?

तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि बेसिन जागचं हललं. निदान मला तरी बेसिनच हललं असं वाटलं. पुढच्या क्षणी मी बादलीसकट फरशीवर होतो आणि बाहेरून बायको ओरडत होती, "पाणी सांडलं का?" सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

आठ दिवसांत हे दुसऱ्यांदा झालं, तेव्हा तिने मला धरून न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं.

खरं तर तोल हा माझा विषय. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात, त्याआधी रात्रीचा सराव चालतो. मी जन्मात काठी उचललेली नाही. पण ती कशी पेलावी हे कडेला उभं राहून सांगण्यात माझी तीस वर्षं गेली. "नजर शेंड्याला ठेव! कंबर सैल सोड की! काय बे, गेला बघ तोल!" पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या पोरांनी आजवर मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नाही, याचं श्रेय सिद्धरामेश्वरांनाच.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, बूट-मोजे काढा." डाव्या मोज्यातून अंगठा आधीच बाहेर येऊन बसला होता. पुढे हाच अंगठा माझी अब्रू घेणार होता.

सुरुवात सोपी होती. माझ्या बोटाने आधी माझं नाक, मग डॉक्टरांचं बोट, पुन्हा नाक. त्यांचं बोट दर वेळी जागा बदलायचं. एकदा चष्म्याच्या काचेवर टोचलं, तेवढं सोडलं तर पास. मग एका तळव्यावर दुसरा हात भराभर उलटासुलटा आपटायचा. "तव्यावर भाकरी उलटतो तसं," डॉक्टर म्हणाले. कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "त्यांना उदाहरण दुसरं द्या."

मग पलंगावर झोपून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायची आणि नडगीवरून सरळ खाली न्यायची. नंतर फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल जोडत चालायचं. चौथ्या पावलाला मी रेघ सोडून वजनकाट्यावर चढलो.

"आता पाय जुळवून उभे राहा. डोळे उघडेच ठेवा." उभा राहिलो, ताठ. बायकोकडे विजयी नजरेने बघून घेतलं. "आता डोळे मिटा." मिटले. शांतता. मग कोणीतरी माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि मी म्हणालो, "ढकलू नका ना!" डॉक्टर म्हणाले, "ढकलत नाही काका, सावरतोय."

या तपासणीला रोमबर्ग हे नाव १७९५ साली जन्मलेल्या एका जर्मन डॉक्टरवरून पडलंय. डॉक्टरांनी मला ती सोलापुरी भाषेत समजावली. तोलाला तीन ठिकाणांहून पुरवठा होतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायांचे स्नायू-सांधे. नळ, बोअर, टँकर. तिन्हींपैकी दोन चालू असले तरी घर चालतं. माझ्या पायांची लाइन अर्धी बंद होती, ते डोळे भरून काढत होते. साबणाने डोळे मिटले की टाकी कोरडी. लहान मेंदू बिघडला असता तर डोळे उघडे असतानाही डुललो असतो. "म्हणजे मेंदू ठीक आहे?" बायकोने विचारलं. हो म्हटल्यावर तिने पुन्हा विचारलं.

मग अंगठा. डॉक्टरांनी तो दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला. वरून-खालून धरला तर दाबावरूनच कळतं म्हणे. डोळे उघडे असताना दाखवलं, हे वर, हे खाली. मग डोळे मिटायचे.

"वर की खाली?"

माझाच अंगठा. अठ्ठावन्न वर्षं माझ्याबरोबर राहिलेला. आणि तिकडून काही निरोपच नाही. मी अंदाज ठोकला, "वर."

"खाली होता. आता?"

"खाली."

"वर. आता?"

आता नीट लक्ष दिलं, श्वास रोखला. "वर! नक्की वर!"

"अजून हलवलाच नाही मी."

शेवटी १२८ हर्ट्झचा लोखंडी काटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क आला. हातावर आपटून त्यांनी त्याची बुडखी अंगठ्याच्या हाडावर टेकवली. "काय वाटतंय?" "गार." "गार नाही काका, थरथर." थरथर नव्हतीच. घोट्यावर नाही, नडगीवर थोडी, गुडघ्यावर मात्र झणझणीत. गुडघ्याच्या खाली माझी हद्द संपली होती.

रक्त तपासलं तेव्हा नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. बारा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन घेतोय, ती लांबल्यावर काहींचं बी-१२ कमी करते. त्यात आम्ही शाकाहारी, आणि दूध मला चहापुरतंच ठाऊक. इंजेक्शनं सुरू झाली. बाथरूममध्ये बायकोने एक स्टूल ठेवलंय. आता मी तोंड बसून धुतो, लग्नातल्या नवरदेवासारखं.

परवा रात्री सराव बघायला गेलो. काठी समोर आली आणि एका पोराचा पाय जरा अडखळला. तीस वर्षांची सवय, तोंड उघडलंच. बायकोने नुसतं बघितलं. मी पाय फाकवले, शेजारचा विजेचा खांब धरला आणि गप्प राहिलो.

"डोळे मिटू नका," ती म्हणाली.