डोंगर वर निमुळता होत जातो

उंच पर्वतांतील पक्ष्यांविषयी बोलताना आपण हटकून विरळ हवेचे कौतुक करतो. पट्टकादंब हंस ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदवला गेला आहे आणि त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते, हे थक्क करणारे आहेच; पण अशा कणखर जिवांना आपल्या संरक्षणाची काय गरज, असा गैरसमजही त्यातूनच रुजतो.

माझ्या मते त्यांचा खरा प्रश्न जागेचा आहे. डोंगर वर निमुळता होत जातो. हवा तापू लागली की पक्षी सवयीचा गारवा शोधत वर सरकतात, आणि जे आधीच माथ्यावर आहेत त्यांना सरकायला जागाच उरत नाही. पेरूमधील पांतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांची पाहणी झाली होती. २०१७ मध्ये त्याच चढणीवर पुन्हा पाहणी केली, तेव्हा बऱ्याच जाती वर सरकलेल्या आढळल्या आणि माथ्याजवळच्या काही तर दिसल्याच नाहीत. हवाई बेटांवर खालून रोगच वर चढतो आहे. तिथे मुळात डास नव्हते. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून आले, पुढे पक्ष्यांचा हिवताप आला आणि हनीक्रीपर पक्ष्यांच्या अनेक जाती डासांना न सोसणाऱ्या थंड उंचीवरच तगून राहिल्या. आता ती थंडीही ओसरते आहे.

टार्मिगन या थंड, उंच प्रदेशातील तितरासारख्या पक्ष्याची गोष्ट मला अधिक बोचते. हिवाळ्याआधी तो पांढरी पिसे धारण करतो, पण त्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते, बर्फावर नव्हे. बर्फ लांबला की तपकिरी दगडगोट्यांत हा पांढराशुभ्र पक्षी दुरूनही नजरेत भरतो, आणि तरीही सवयीप्रमाणे अंग चोरून निश्चल बसून राहतो.

म्हणूनच केवळ शिखरे राखीव करून समाधान मानणे मला पटत नाही. (शिखरे राखीव करणे सोपे असते, तिथे पीक येत नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी येत नाही.) हिमालयातील मोनाल उन्हाळ्यात झाडोऱ्याच्या सीमेवरील गवताळ उतारांवर असतो आणि हिवाळ्यात खालच्या जंगलात उतरतो, ते जंगल तुटले, तर वरचे कुरण कितीही जपले तरी त्याचे अर्धे वर्ष उघड्यावर पडते. राखीव क्षेत्राची हद्द आखायचीच असेल, तर ती दरीच्या तळापासून माथ्यापर्यंत उभी आखावी, आणि मधल्या उतारावर रस्ता किंवा रोपवे मंजूर करताना हिवाळ्यातही पक्ष्यांची पाहणी व्हावी.