डॉक्टर गली आणि गल्लीतले डॉक्टर

अण्णांच्या बुशशर्टावर पोटाच्या जागी भाकरीएवढा ओला डाग उमटला होता आणि कोणीतरी त्याविषयी विचारावे म्हणून ते ताठ बसून होते. जावयाने इंग्लंडातले जलोपचारवाले डॉ. जेम्स मॅनबी गली यांचा १८४६ सालचा, जीर्ण रोग पाण्याने कसे बरे करावेत हे सांगणारा ग्रंथ त्यांच्या टॅबवर उतरवून दिल्यापासून आमच्या मिरजेच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघालेला नाही, तेव्हा तो डाग कसला हे सर्वांना ठाऊकच होते; तरी मास्तरांनी विचारले.

"पोटाला ओला पंचा, त्यावर मेणकापड, आणि दर दोन तासांनी पंचा पुन्हा भिजवायचा. डार्विनलाही हेच सांगितले होते," अण्णा म्हणाले. डार्विन हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू तो त्यांच्या वाड्यातला जुना भाडेकरू होता.

"मग त्याचे पुढचेही करा," निवृत्त डॉक्टर म्हणाले. "१८४९ च्या मार्चमध्ये त्याने गलीच्या जलोपचाराच्या गावाहून, म्हणजे इंग्लंडातल्या माल्व्हर्नहून, बहिणीला सगळा दिनक्रम लिहून कळवला आहे. पावणेसातला उठायचे, गार पाण्यात भिजवलेल्या खरखरीत टॉवेलने अंग शेवंडासारखे लाल होईपर्यंत घासून घ्यायचे, पेलाभर पाणी पिऊन वीस मिनिटे चालायचे, बारा वाजता मोहरी घातलेल्या गार पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून बसायचे. आणि साखर, लोणी, मसाले, चहा सगळे बंद."

अण्णांनी हातातली कटिंग हळूच बाकाखाली ठेवली.

डॉक्टरांना मात्र गलीविषयी आदर आहे, आणि माझाही कल तिकडेच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांचे म्हणणे असे, की हा मनुष्य कोणी वैदू नव्हता. तो एडिंबरो आणि पॅरिस येथे शिकला होता, मज्जाविकारांवरचे त्याचे पुस्तक १८३७ मध्येच आले होते, आणि १८४२ मध्ये जेम्स विल्सन या डॉक्टरबरोबर त्याने माल्व्हर्नला बस्तान बसवले त्याच वर्षी रोग्याला कमीत कमी त्रास देणाऱ्या साध्या उपचारांवरही त्याने लिहिले होते. पारा, जळवा आणि जुलाब यांनी रोगी आणखी खचतो, हे ज्या काळी म्हणायला धैर्य लागत होते त्या काळी तो ते पानोपान म्हणत होता. आतल्या अवयवांत रक्त साचून राहते, त्यात मज्जातंतू बिघडतात, आणि थंड पाण्याने व घर्षणाने ते रक्त त्वचेकडे ओढून आणता येते, ही त्याची उपपत्ती आज टिकत नाही. पण रोग्याने काय खाल्ले, किती झोपला, कशाने चिडला, हे तो ज्या बारकाईने पाहतो तसे पाहणारे आज किती आहेत, हा डॉक्टरांचा सवाल होता.

"म्हणजे उपपत्ती चुकली आणि पथ्य बरोबर निघाले," वकीलबाई म्हणाल्या. "औषधे बंद, दारू बंद, डोंगरावर चालणे आणि वेळेवर झोप. एवढे केले तर ओला पंचा डोक्याला बांधा नाहीतर खुर्चीला, गुण तोच येईल. आणि ग्रंथातले रोगी बरे झालेले असतात याचे तुम्हाला नवल वाटते, याचेच मला नवल वाटते. मेलेला पक्षकार अपिलात येत नाही."

अण्णा उसळून म्हणाले, "पाण्याने कोणी मेल्याचे दाखवा!"

"पाण्याने नाही," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "पण १८५१ मध्ये डार्विनने आपली दहा वर्षांची मुलगी ॲनी त्याच गलीच्या भरवशावर माल्व्हर्नला पाठवली. तेवीस एप्रिलला ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर पित्तज्वर लिहिणारा तुमचा गलीच."

कट्टा थोडा वेळ गप्प झाला. टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. मग डॉक्टरच म्हणाले, की त्या काळी अशा तापाला कोणापाशीच उत्तर नव्हते आणि पाण्याऐवजी पारा दिला असता तर पोरीचे हाल जास्त झाले असते. वकीलबाईंनी हे मान्य केले. त्या क्वचितच काही मान्य करतात. त्यांना पुढे १८७६ सालच्या ब्राव्हो विषप्रयोगाकडे, म्हणजे ज्याच्या बायकोशी गलीचे पूर्वी संबंध होते त्या चार्ल्स ब्राव्होच्या मृत्यूकडे, वळायचे होते, पण तो विषय ग्रंथाबाहेरचा म्हणून मास्तरांनी थोपवला. तरीही, आयुष्यभर औषधांविरुद्ध लिहिलेल्या माणसाचे नाव शेवटी अँटिमनी या विषाच्या प्रकरणात, तेही परक्या घरातल्या लफड्यापायी, वर्तमानपत्रांत गाजले, एवढे त्या म्हणाल्याच.

"मला त्याची एकच गोष्ट खटकते," डॉक्टर म्हणाले. "तो कशावरही विश्वास ठेवी. स्वतःची मुलगी आजारी पडली तेव्हा पोटातले दिसते म्हणणारी एक दिव्यदृष्टीवाली मुलगी आणली, झोपवायला एक मोहिनीविद्यावाला, गोळ्या द्यायला एक होमिओपॅथ, आणि पाण्यासाठी तो स्वतः होताच. मुलगी बरी झाली. डार्विनने हे मित्राला कळवले आहे, आणि आपल्या लाडक्या डॉक्टरांतला हा मोठाच दोष, असे म्हटले आहे."

"मास्तरांची कावीळ!" वकीलबाई एकदम म्हणाल्या.

तेथे चर्चेने ग्रंथ सोडला. मास्तरांच्या कावीळीला वीस वर्षे झाली, पण तिचा निकाल अद्याप लागलेला नाही. अण्णांनी तेव्हा उसाचा रस पाजला होता, मास्तरीणबाईंनी दंडाला दोरा बांधला होता, मेव्हणीने नरसोबाच्या वाडीला नवस बोलला होता, आणि तपासणी व पथ्य आमच्या डॉक्टरांकडे होते. अण्णा आजही श्रेय रसाला देतात.

"रसाचे पैसे मी दिले होते," मास्तर म्हणाले. "तुम्ही अर्धा स्वतः प्यायलात."

"तुम्हाला उलट्या होत होत्या, तो वाया गेला असता!"

"आणि नवसाचे पेढेही यांनीच खाल्ले," डॉक्टरांनी पुरवणी जोडली.

अण्णांनी घड्याळ पाहिले. दोन तास होऊन गेले होते, पंचा वाळत आला होता आणि घर लांब होते. ते पाणी शोधत इकडेतिकडे पाहू लागले, तेव्हा बाक पुसणाऱ्या टपरीवरच्या पोराने हातातले चहाचे ओले फडके अगदी आदबीने त्यांच्यापुढे धरले आणि विचारले, "अण्णा, हे चालेल का?"