फुकटच्या सुरावटी? हिशेब जरा नीट मांडू

‘जपानी ॲनिमे (तिथल्या ॲनिमेशन मालिका) आणि व्हिडिओ गेमवर पाश्चात्य अभिजात संगीताचा प्रभाव वगैरे काही नाही. कॉपीराइट संपलेल्या सुरावटी फुकट मिळतात, त्या उचलायच्या आणि दृश्य भारदस्त करायचं, एवढंच.’ हा दावा इतक्यांनी पुढे ढकललाय की आता तो कुणी तपासतही नाही.

आधी ‘फुकट’चं बघू. यात थोडं तथ्य आहे. कोनामी कंपनीच्या ‘पॅरोडियस’ या गेमने जुन्या रचना बिनदिक्कत वापरल्या, आणि गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या ‘टेट्रिस’मध्ये बाखचा एक मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाची धून) आहे. पण हक्क संपतात ते रचनेचे. वाजवणाऱ्यांचे आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचे हक्क वेगळे असतात. १९८८ साली सुरू झालेल्या ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ या ॲनिमेच्या ११० भागांत माहलर, ब्रुकनर, शोस्ताकोविच यांच्या सिंफनी ऐकू येतात ते पूर्व जर्मन वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रणांतून. तिथे अवकाशातल्या लढाया सिंफनीच्या चढउतारांवर बेतलेल्या वाटतात. नुसता भारदस्तपणाच हवा असता तर एखादं तुतारीछाप पार्श्वसंगीत पुरलं असतं.

‘हे संगीत जपान्यांचं नाहीच, वरून चिकटवलेलं आहे’ हा दुसरा मुद्दा. सम्राट मेइजींच्या काळातल्या जपानी सरकारने १८७९ मध्ये संगीत शिक्षणासाठी स्वतंत्र कार्यालय काढलं, इसावा शूजी यांच्या हाती सूत्रं दिली आणि बोस्टनहून संगीतशिक्षक ल्यूथर मेसन यांना बोलावलं. तेव्हापासून शाळेतली मुलं पाश्चात्य स्वरांत गात आली आहेत. बीथोव्हेनची नववी सिंफनी जपानमध्ये पहिल्यांदा संपूर्ण वाजली ती १९१८ मध्ये, तोकुशिमाजवळच्या बांदो छावणीत, जर्मन युद्धकैद्यांकडून. आज डिसेंबर आला की देशभर तिचे कार्यक्रम होतात, आणि ओसाकात १९८३ पासून दहा हजार हौशी गायक ती एकत्र गातात. त्यामुळे ‘इव्हँजेलियन’ या ॲनिमेच्या २४व्या भागात जवळपास मिनिटभर चित्र हलत नाही आणि मागे तीच नववी चालू राहते, तेव्हा जपानी प्रेक्षकाला ती परकी वाटत नाही. वर्षअखेरीच्या आनंदाचं गाणं मृत्यूच्या प्रसंगावर ठेवलंय, हे त्याला लगेच बोचतं. (ज्यांनी ही मालिका अजून पाहिली नाही, त्यांची माफी.)

तिसरा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो: ‘त्या टिंटिं करणाऱ्या चिपमधून कसली आलीय सिंफनी!’ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्रात एका वेळी सुरेल आवाज तीनच. शिवाय खरखरीचा एक, आणि ध्वनिमुद्रित तुकडे वाजवण्यासाठी एक. खेळात तलवार चालली की तिचा आवाज या पाचांपैकीच एखादी जागा अडवतो. भरगच्च स्वरसंगती लावायला जागाच नाही. मग १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ गेममध्ये संगीतकार कोइची सुगियामा यांनी राजवाड्याच्या संगीतासाठी बरोक, म्हणजे बाखच्या काळातलं, वळण धरलं: दोन स्वतंत्र ओळी एकमेकींशी बोलतात, आणि संगती कान आपली आपण पुरी करतो. बाखने एकट्या चेलोकडून हेच करून घेतलं होतं. उचललेली सुरावट इथे एकही नाही. उचलली आहे ती रीत. पुढच्याच वर्षी हे संगीत टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये वाद्यवृंदाने वाजवलं, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या संचलनाची सुरुवातही याच गेममालिकेच्या ओव्हर्चरने (सुरुवातीच्या संगीताने) झाली.

उलट टोकाला जाऊन सगळं बाख-बीथोव्हेनच्या खात्यावर टाकायचंही कारण नाही. गेमचे संगीतकार नोबुओ उएमात्सू स्वतःच शिकलेले, रॉकवर वाढलेले. तरी १९९४ च्या ‘फायनल फँटसी ६’मध्ये त्यांनी चक्क ऑपेरा लिहिला. कन्सोलला, म्हणजे गेमयंत्राला, शब्द गाता येत नव्हते, म्हणून ‘आ’कारासारखा कृत्रिम आवाज आणि पडद्यावर ओळी. त्या ओळी खेळणाऱ्याने आधी वाचून लक्षात ठेवायच्या, आणि ऐन वेळी बरोबर ओळ निवडायची. चुकली की प्रयोग फसतो आणि पुन्हा रंगमंचावर यावं लागतं.