आपल्याइकडं असं काही नसते म्हणे!

आज पाचव्यांदा तहसीलच्या पुरवठा शाखेतून हात हलवत परत आलो. पाचव्यांदा तेच वाक्य ऐकलं, "आपल्याइकडं असं काही नसते भाऊ." डोकं असं तापलंय की हे सगळं कुठंतरी ओकल्याशिवाय झोप यायची नाही. नाव-गाव सांगत नाही. जिल्हा यवतमाळ, तालुका कोणताही धरा, काही फरक पडत नाही.

माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, ई-केवायसी, लाडकी बहीण, जे म्हणाल ते. तालुक्यातली अर्धी माणसं माझ्या खुर्चीवर बसून आपला जन्म, जात आणि उत्पन्न मला सांगून गेली आहेत. त्यामुळे कोणाच्या घरात काय आहे ते मला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून ते 'नसते' ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो.

तर काम काय होतं? साधं. रेशनकार्डात एक नाव चढवायचं होतं.

आमच्या बाजूच्या गावात दोघी जणी राहतात. मोठी पन्नाशी ओलांडलेली, नवऱ्यानं कधीच टाकलेली. धाकटी चव्वेचाळीसची, लग्न केलंच नाही. अकरा वर्षांपासून एका टिनाखाली. निंदण, कापूस वेचणी, तुरीची सवंगणी, सगळीकडे जोडीनं जातात. दोन बकऱ्या आहेत, त्यांच्यावरून भांडतात. आजारी पडली तर एक दुसरीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आरोग्य केंद्रात नेते. गावाला सगळं कळतं. गाव त्यांना 'त्या दोघी' म्हणते आणि तेवढ्यावर थांबते. गावाचं हे थांबणं चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोठीचं स्वतःचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, त्यात ती एकटीच. धाकटीचं नाव मात्र अजून दुसऱ्या तालुक्यात, भावाच्या कार्डावर. त्या भावानं तिला घरातून काढलं, वावरात हिस्सा दिला नाही, मायच्या तेरवीलासुद्धा बोलावलं नाही. पण कार्डातून तिचं नाव काही काढलं नाही. कसं काढेल? त्या घरातल्या कोणीही मशीनवर अंगठा लावला की सगळ्यांच्या नावाचं धान्य उचलता येतं. माणशी महिन्याला पाच किलो. वर्षाचे साठ. अकरा वर्षांचे सहा क्विंटल साठ किलो, जिला दारात उभी करत नाहीत तिच्या नावाचं, त्या घरात शिजलं. आणि इकडे मोठी आपल्या पाच किलोत दोघींचं भागवते. म्हणून म्हटलं, तिकडून नाव कमी करू, इकडे चढवू.

पुरवठा शाखेतल्या बाबूनं अर्ज हातात घेतला. नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ही कोन लागते हिची?"

"सोबत राहतात सर. अकरा वर्षं झाली."

"थे समजलं. पन लागते कोन?"

"जोडीदार लिहा."

त्यानं चष्मा काढला. बाजूच्या टेबलावरच्या मॅडमनं शिक्का मारायचा थांबवला. मग तो हसला, आणि हे हसणं मी विसरणार नाही, कारण ते दुष्ट नव्हतं. लेकराची चूक पोटात घालावी तसं होतं. "आपल्याइकडं असं काही नसते भाऊ. थे पुन्या-मुंबईचं. बहीन लिहून टाक न, होऊन जाते."

म्हटलं, सर, आडनाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं. बहीण कशी?

"मग मावसबहीन लिहा."

घ्या! म्हणजे खरं चालत नाही, खोटं चालतं, आणि खोटं कोणतं लिहायचं तेही सरकारी माणूसच सुचवते. उद्या भावानं तक्रार ठोकली आणि चौकशी लागली, तर खोटं प्रतिज्ञापत्र कोणी केलं? त्या बाईनं. भरून कोणी दिलं? मी. मावसबहीण सुचवणारा बाबू तोवर बदलीवर पांढरकवड्याला जाऊन बसलेला असेल.

रेशनकार्ड हा चुलीचा कागद आहे हो! दोन भाऊ वेगळे निघाले की तलाठी पाहायला येतो, चूल खरंच वेगळी झाली का. मग चूल एक आहे हे पाहायला कोणी का येत नाही? शिवाय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्याच्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय की घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. या घरात माणसंच दोन आणि दोन्ही बाया. कायद्याला याहून सोपं घर कोणतं सापडणार होतं?

आणि मी काही हवेत बोलत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तो दिवस मला लख्ख आठवतो. सेंटरवर पीकविम्याच्या तक्रारीची रांग होती आणि मी मोबाईल टेबलाखाली धरून निकाल वाचत होतो. लग्न नाही तर नाही. पण त्याच खटल्यात सरकारनं सांगितलं की अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली. त्यातून १ सप्टेंबर २०२४ ला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं जाहीर केलं की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा, असं राज्यांना कळवलंय. बँकेत जोडखातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला आडकाठी नाही, हेही त्यातच. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, हेही. वाचून मी त्या दिवशी समोरच्या टपरीवर पाच जणांना चहा पाजला. कशाचा, ते सांगितलं नाही.

त्या कागदाची प्रिंट काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबूसमोर ठेवली. त्यानं पाहिली. उलटी करून पाहिली, मागं काही लिहिलंय का म्हणून. "आमच्याकडं जिल्ह्यावरून काही आलं नाही."

जिल्ह्याला गेलो. सकाळच्या एसटीनं, सेंटर बंद ठेवून. तिथं म्हणे तालुक्याला विचारा. दिल्लीहून निघालेला कागद मंत्रालय, आयुक्त, कलेक्टर, तहसील असा उतरत येतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा मुरतो. आमच्यापर्यंत ओलसुद्धा पोचत नाही. कुठं मुरला ते शोधायला माहिती अधिकार टाकला. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. अकरा वर्षांचा संसार दीडशे शब्दांत बसवून पाहा कधी. तीस दिवसांनी उत्तर आलं, "सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." बाबूच्याच वाक्याला टाय घातलेला. आता पहिलं अपील टाकलंय.

मधल्या काळात वाटलं, चला, गावातून दाब आणू. ग्रामसभेत ठराव घेऊ. लग्नाबिग्नाचा नाही. फक्त एवढाच की या दोघी एका घरात, एका चुलीवर राहतात हे गावाला माहीत आहे आणि गाव तसं लिहून देते. हेरवाड तिकडे कोल्हापुरातलं एक गावच ना? मे २०२२ मध्ये त्यांनी ठराव घेतला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. पाठोपाठ सरकारनं बाकीच्या गावांना त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे ठराव खालून वर चढू शकतो.

ग्रामपंचायतीच्या सचिवांकडे रीतसर अर्ज दिला. विषयपत्रिकेत आला नाही. तोंडी विचारलं तर "आयत्या वेळच्या विषयात घेऊ." ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे शंभर मतदार किंवा १५ टक्के, जे कमी असेल ते. तेवढे जमले, कारण त्या दिवशी घरकुलाची यादी होती. यादी वाचून झाली तशी माणसं उठली. आयत्या वेळेपर्यंत उरले तेवीस. त्यात चार झोपलेले. मी विषय वाचला. मागून एक पोरगा, मी ज्याचा पोलीस भरतीचा फॉर्म फुकट भरून दिला तो, टाळी वाजवून हसला. ती टाळी कोणती, ते सांगायला नको. आणि ज्येष्ठ मंडळींपैकी एक काका उठून समजुतीनं म्हणाले, "आमचा इरोध नाई बाप्पा. पन हे कागदावर कायले? राह्यते न त्या? कोनी काही म्हनते का?"

तुकडोजी महाराजांच्या फोटोखाली बसून बोलत होते. मघाशीच प्रार्थना म्हटली होती.

शिव्या परवडल्या. शिवीला उलटी शिवी देता येते. 'विरोध नाही' याला काय देणार? कोणी काही म्हणत नाही हे खरंच आहे. पाच किलो धान्यही कोणी देत नाही.

दिवाळीत दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, बसते तेव्हा लुगडं नेसून नाचणाऱ्या पोरावर दहा-दहाच्या नोटा हेच लोक उधळतात. बाजाराच्या दिवशी तृतीयपंथी दुकानात आले की गल्ल्यातून पैसे काढून देतात, आशीर्वाद घेतात, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतात. तेव्हा 'आपल्याइकडं' असतं. अर्जाच्या रकान्यात आलं की पुण्या-मुंबईला जातं. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषाशेजारी 'इतर' हा रकाना आला, तर महाराष्ट्रात चाळीस हजारांच्या वर माणसं त्यात निघाली. रकाना आला तेव्हा माणसं दिसली! त्याआधी काय हवेतून टपकली होती? आणि माझ्यासारख्यांना, त्या दोघींसारख्यांना अजून तेवढाही रकाना नाही.

हो, माझ्यासारख्यांना. कळलंच असेल. छत्तीसचा आहे, लग्न नाही. कोणाला शंका येत नाही, कारण शेतकऱ्याच्या पोराला आमच्या भागात तशीही पोरगी भेटत नाही. माझ्यासोबतचे गावातले कितीतरी जण बिनलग्नाचे बसलेत. कापसाच्या भावानं आयुष्यात माझ्यावर एवढा एकच उपकार केला. बाबूनंही विचारलं होतं, "तुले एवढा कायचा इंटरेस्ट?" मी म्हटलं, "सर, फॉर्मचे पन्नास रुपये भेटतात." लाज वाटली. दुसऱ्यांसाठी 'जोडीदार' लिहा म्हणून टेबल ठोकणारा मी, माझ्यावर आलं तर पन्नास रुपयांच्या मागं लपतो.

आता शहरातल्या आपल्या लोकांबद्दल बोलतो. राग येईल, येऊ द्या. नागपुरात प्राईडची मिरवणूक निघते, चांगली निघते, मी एकदा तोंडाला दुपट्टा बांधून तिच्यामागं चालून आलोय. तिथंच पुढं एका कार्यशाळेचं बोलावणं आलं. गेलो. एसी हॉल. पडद्यावर सगळं इंग्रजी. मला म्हणाले, तुम्ही रूरल व्हॉइस आहात, दोन मिनिटं बोला. मी रेशनकार्डाचं सांगितलं. सगळ्यांनी 'वॉव' केलं, एकानं डोळे पुसले, आणि पुढचं सत्र सुरू झालं. मी विचारलं, पुरवठा विभागाला तुमच्या लेटरहेडवर एक पत्र मराठीतून द्याल का? म्हणाले, मेल करा. तीन मेल केले. निघताना इंद्रधनुष्य छापलेली कापडी पिशवी दिली होती, ती आता माय भाजीला नेते. शेवटची एसटी चुकली ते वेगळंच.

निवडणुकीच्या टायमाला एका उमेदवाराला गाठलं होतं. त्याचा प्रश्न एकच, "किती मतं हायेत?" प्रामाणिक माणूस. मी आकडा सांगू शकलो नाही. सांगणार कसा? जे आहेत तेच 'आपण नाही' म्हणून हिंडतात, मी धरून. आणि तरी सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं. जळगावच्या भादलीत अंजली पाटील यांचा अर्ज छाननीत उडवला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये लढल्या आणि निवडूनही आल्या. तरंगफळ आणि भादली काय पुण्यातल्या पेठा आहेत?

काल संध्याकाळी दोघी सेंटरवर आल्या होत्या. मोठी थकली आहे. एका फेऱ्याला एक रोज बुडतो, आणि सध्या वेचणी जोरात आहे. म्हणाली, "लिहून टाक बाप्पा बहीन. आता काय राह्यलं आपलं." मी पेन हातात घेतलं. खरं सांगतो, घेतलं. तेवढ्यात धाकटी, जी एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नाही, ती दारातून म्हणाली, "मी काई हिची बहीन नोहोय." आणि बाहेर जाऊन बकऱ्यांच्या ढेपीचा भाव विचारायला लागली.

मोठी मान खाली घालून हसत होती. पंधरा वर्षांची पोर हसते तसं.

उद्या बाजार आहे, साहेब अकराच्या आधी टेबलावर येत नाहीत. मी साडेदहालाच जाऊन बाकड्यावर बसतो. सेंटर बंद राहील. पीकविमावाल्यांनी परवा या.