अल्पकाळात ‘तोटा म्हणजे बंद करा’ हे गणित चुकीचं

उत्पादन खर्चावरच्या ज्या लेखाबद्दल हे लिहितोय, त्यात म्हटलंय की मालाचा भाव सरासरी एकूण खर्चाच्या (म्हणजे एका नगामागे पडणाऱ्या सगळ्या खर्चाच्या) खाली गेला की उत्पादन थांबवावं. दीर्घकाळासाठी ठीक, पण अल्पकाळात, म्हणजे स्थिर खर्च टाळता येत नाही तोवर, हा नियम लावला तर नुकसान वाढतं.

साखर कारखान्याचंच घ्या. कर्जाचं व्याज, विमा, कायम कामगारांचे पगार हा स्थिर खर्च. गाळप असो वा नसो, तो चुकत नाही. ऊसाचा दर, तोडणी-वाहतूक, चुना, गंधक, पोती हा बदलता खर्च. समजा, हंगामाचा स्थिर खर्च 30 कोटी आहे. 6 लाख टन गाळप झालं तर टनामागे 500 रुपये पडतात, 4 लाख टनच झालं तर 750. दुष्काळाच्या वर्षी ऊस नसला की कारखाने अडचणीत येतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

म्हणून टनामागची मिळकत बदलता खर्च भागवून थोडी जरी उरत असेल, तर गाळप चालू ठेवणंच बरं, कारण ती उरलेली रक्कम व्याजाला तरी लागते. तेवढंही निघत नसेल तर मात्र बंद.

सीमांत खर्चावर, म्हणजे आणखी एक नग काढायला लागणाऱ्या जादा खर्चावर, लेखात दोनच ओळी आहेत, याचं खरंच वाईट वाटलं. कारखान्याची गाळपाची क्षमता ठरलेली असते. जवळचा ऊस संपला की लांबून आणावा लागतो, वाहतूक महागते. उन्हाळा वाढला की उताराही (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घसरतो. पुढच्या प्रत्येक क्विंटल साखरेचा खर्च असा चढत जातो. विद्यार्थ्यांना वक्ररेषा पाठ करायला लावण्यापेक्षा एखाद्या कारखान्याचा ताळेबंद समोर ठेवून हे शिकवा.