‘अर्थ’नं घरं मोडली म्हणणाऱ्यांना

दोन दिवसांपासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की 1982 च्या ‘अर्थ’सारख्या सिनेमांनी बायकांना घर सोडायला शिकवलं, आपल्याकडं आधी असलं काही नव्हतं, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टानं तर लफडी मोकळीच करून टाकली. परभणीपासून लातूरपर्यंत सगळ्यांनी अंगठे दिलेत त्याला. मला राहवलं नाही म्हणून लिहायलीय.

आधी सांगा, त्या सिनेमात संसार कुणी टाकला? नवऱ्यानं, इंदरनं. त्याची बायको पूजा अनाथ वाढलेली, स्वतःचं घर एवढंच तिचं स्वप्न, नवरा एक दिवस नव्या घराची चावी हातात ठेवतो, बाई हरखून घर लावायला घेते आणि मग कळतं की पैसे त्या दुसरीचे आहेत. शेवटी ती दुसरी, स्मिता पाटीलची कविता, त्याला सोडते तेव्हा हा परत येतो. शबाना आझमीची पूजा एवढंच विचारते की मी असं करून आले असते तर तू मला घेतलं असतंस का, तो नाही म्हणतो आणि ती चालती होते. ह्यात घर मोडायची शिकवण कुठं आली हो?

‘आपल्याकडं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी लांब जाऊ नका, पैठणलाच या. सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, त्यात चोरून भेटणारे, दुसरीकडून परतणारे नवरे आणि रुसलेल्या बायका जागोजागी आहेत. तेव्हा कुठलं थेटर होतं गोदाकाठी?

आता कोर्टाचं. भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम 497 रद्द झालं 27 सप्टेंबर 2018 ला, खरंय, पण ते 1860 चं कलम कुणी वाचलं का? दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, तक्रार करणार तो नवरा. फसलेल्या बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता, आणि नवरा बिनलग्नाच्या बाईकडं नाहीतर विधवेकडं जात असंल तर तो गुन्हाच नव्हता. पूजा पोलिसात गेली असती तरी रिकाम्या हातानं परतली असती. व्यभिचार झाला तर घटस्फोट मागता येतो, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये आजही आहे. मग मोकळं काय झालं?

माझी मोठी मावशी खेड्यातली, जन्मात एकदा थेटरात गेली तीही देवाच्या सिनेमाला. काकांचं तालुक्याला दुसरं बिऱ्हाड होतं, सगळ्यांना माहीत, बोलायचं कुणी नाही. दर शनिवारी ते धुण्याची पिशवी घेऊन घरी यायचे. एकदा त्या पिशवीत परक्या बाईचं पोलकं निघालं. मी तिथंच होते, शाळकरी. मावशीनं ते हातात धरलं, दगडावर घासून धुतलं, वाळवलं, काकांच्या सदऱ्यावर घडी घालून ठेवलं आणि पिशवीची नाडी ओढली.